‘चिकोडी’ चालते, ‘चिक्कोडी’ अडते: कमांड लाइन प्रोग्रामची मेमरी-चुकांसाठी रिग्रेशन चाचणी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयासाठी मी सी भाषेत ‘रकाने’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. उभ्या रेघेने विभागलेली पुस्तकांची यादी वाचायची, प्रत्येक रकाना सारख्या रुंदीचा करायचा आणि छपाईसाठी बाहेर काढायची, एवढेच त्याचे काम होते. यादीत मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पुस्तके होती आणि देणगीदाराचे गाव हा एक रकाना होता. काही दिवसांनी ग्रंथपालांचा फोन आला: “चिकोडी लिहिलं की चालतंय, चिक्कोडी लिहिलं की बंद पडतंय बघा.” मला वाटले, टंकताना काहीतरी चुकत असेल. प्रत्यक्षात, चूक शोधण्यासाठी लागणारी सर्वांत नेमकी माहिती त्यांनी त्या एका वाक्यात दिली होती.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट्स घेते. ‘चिकोडी’मध्ये सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट्स, ‘चिक्कोडी’मध्ये आठ, म्हणजे २४. माझ्या कोडमध्ये शब्दाच्या लांबीइतकीच जागा मॅलॉककडून, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या फंक्शनकडून, मागितली होती आणि नंतर शब्द त्याच्या शेवटच्या शून्य बाइटसह (सी भाषेत शब्द कुठे संपला हे दाखवणारा बाइट) तिथे उतरवला होता. त्या शून्यासाठी लागणारा एक बाइट मागायचा राहिला होता. ६४ बिट लिनक्सवरील जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक लहानात लहान मागणीलाही वापरण्याजोगे २४ बाइट्स देतो आणि पुढे ४०, ५६ असा सोळाच्या पायरीने वाढतो. त्यामुळे १८ बाइट्सच्या शब्दाचा एकोणिसावा बाइट फुकट मिळालेल्या जागेत निमूट बसत होता, तर २४ बाइट्सच्या शब्दाचा पंचविसावा बाइट शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर जाऊन पडत होता. निपाणी, अथणी, गोकाक, खानापूर ही नावे बिनबोभाट चालत. हुक्केरी, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग आणि संकेश्वर ही पाचही नावे नेमकी २४ बाइट्सची असल्यामुळे घात करीत. चूक प्रत्येक नावाला होत होती, ती दिसत मात्र थोड्यांनाच होती.

मी एक मिळवला, प्रोग्राम चालू लागला आणि विषय मिटला असे समजलो. सहा महिन्यांनी वेग वाढवण्यासाठी मेमरी वाटपाचा भाग नव्याने लिहिताना तो ‘अधिक एक’ पुन्हा गळाला. चूक दुरुस्त केली होती, पण ती परत आली तर ओरडेल असे काही मागे ठेवले नव्हते. रिग्रेशन चाचणी म्हणजे हे ओरडणारे काहीतरी, आणि मेमरीच्या चुकांसाठी ते उभे करताना साध्या चाचणीपेक्षा काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. (पर्यायांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतात.)

चाचणीची मांडणी

प्रत्येक चुकीसाठी एक वेगळी फोल्डर करावी आणि तिच्यात चार गोष्टी ठेवाव्यात: इनपुट फाइल, प्रोग्रामला दिलेले पर्याय, अपेक्षित आउटपुट आणि अपेक्षित एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा). एक छोटी शेल स्क्रिप्ट सर्व फोल्डरी ओळीने चालवते आणि फरक दाखवते. यासाठी कोणतीही मोठी चौकट लागत नाही आणि लहान प्रोग्रामसाठी ती आणूही नये असे माझे मत आहे.

इनपुट फाइल जितकी लहान तितकी चांगली. ग्रंथपालांनी पाठवलेली पूर्ण यादी घेऊन ती निम्मी करावी, चूक ज्या अर्ध्यात टिकते तो अर्धा पुन्हा निम्मा करावा आणि असे करत एका ओळीपर्यंत यावे; माझ्या बाबतीत शेवटी ‘चिक्कोडी’, उभी रेघ आणि ‘मराठी’ एवढेच उरले. यादीत खऱ्या माणसांची नावे असतील तर ती याच वेळी काढून टाकावीत, मात्र बदली शब्दाची बाइट्समधली लांबी मूळ शब्दाइतकीच ठेवावी, नाहीतर नावाबरोबर चूकही निघून जाते.

इनपुट फाइल एडिटरमध्ये उघडून जतन करण्याचा मोह टाळावा. अनेक एडिटर फाइलच्या शेवटी न विचारता नवी ओळ घालतात, काही तुटलेली अक्षरे ‘सुधारतात’, आणि ज्या दोषासाठी फाइल जपली तोच पुसला जातो. अशा फाइल प्रिंटएफ आज्ञेने बाइट मोजून बनवाव्यात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ठेवताना गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये त्यांना बायनरी म्हणून नोंदवावे, म्हणजे विंडोजवर काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या संगणकावर ओळींचे शेवट बदलले जाणार नाहीत.

कोणता तपासनीस काय पाहतो

अशा चाचणीत आउटपुट बरोबर आले हा पुरावा धरता येत नाही, हे ‘निपाणी’ने दाखवलेच आहे. म्हणून प्रत्येक चाचणी साध्या बिल्डवर (कंपाइल करून तयार झालेल्या प्रोग्रामवर), ॲड्रेससॅनिटायझर लावलेल्या बिल्डवर आणि व्हॅलग्रिंडखाली अशी तीनदा चालवावी; ही दोन्ही मेमरीच्या चुका पकडणारी साधने आहेत.

ॲड्रेससॅनिटायझर गूगलमध्ये तयार झाला. तो २०१२ साली क्लँग या कंपाइलरमध्ये आणि २०१३ साली जीसीसी या कंपाइलरच्या ४.८ या आवृत्तीत आला. तो वापरण्यासाठी ‘एफसॅनिटाइझ’ या पर्यायाला ‘ॲड्रेस’ हे मूल्य देऊन कंपाइल करावे, लिंक करतानाही तोच पर्याय द्यावा, आणि सोबत ‘हायफन जी’ द्यावा म्हणजे अहवालात फाइलचे नाव व ओळ क्रमांक येतो. तो प्रत्येक वाटप झालेल्या तुकड्याच्या आजूबाजूला निषिद्ध पट्टा आखतो आणि प्रोग्रामच्या दर आठ बाइट्समागे एक बाइट स्वतःची नोंद ठेवतो. त्यामुळे ‘निपाणी’चा एकोणिसावा बाइटही तो जागच्या जागी पकडतो आणि १८ बाइट्सच्या तुकड्याच्या लगेच पुढे लिहिले गेले असे सांगतो. त्याच्या हाताखाली रीॲलॉक, म्हणजे घेतलेल्या तुकड्याचा आकार बदलणारे फंक्शन, तुकडा नेहमी नव्या जागी हलवते. एरवी जीलिबसी पुष्कळदा तो जागच्या जागीच वाढवून देते, त्यामुळे जुना पॉइंटर (तुकड्याचा पत्ता) तसाच वापरणारे कोड वर्षानुवर्षे चालू शकते. इथे ते पहिल्याच फेरीत उघडे पडते.

व्हॅलग्रिंड हे साधन २००२ पासूनचे आहे. त्याला वेगळे कंपाइल करावे लागत नाही, कारण तयार प्रोग्राम तो स्वतःच्या कृत्रिम प्रोसेसरवर चालवतो. त्यातील मेमचेक हा तपासनीस, मूल्य न भरलेली मेमरी वाचून तिच्या आधारे निर्णय घेतला गेला तर सांगतो. हे ॲड्रेससॅनिटायझरला दिसत नाही. उलट स्टॅकवरच्या किंवा ग्लोबल ॲरेच्या हद्दीबाहेर केलेले लिखाण मेमचेकला दिसत नाही, ते ॲड्रेससॅनिटायझर पकडतो. म्हणून दोघेही हवेत, पण एकाच वेळी नकोत: ॲड्रेससॅनिटायझर लावलेला प्रोग्राम व्हॅलग्रिंडखाली चालत नाही, त्यासाठी साधा बिल्डच घ्यावा. ‘ट्रॅक ओरिजिन्स’ हा पर्याय चालू ठेवला तर न भरलेले मूल्य कुठून आले तेही कळते. वेळ आणखी लागतो, पण चूक शोधताना वाचणारा वेळ त्याहून जास्त असतो.

सी भाषेच्या नियमांबाहेरच्या कृती पकडणारा यूबीसॅन, म्हणजे ‘एफसॅनिटाइझ’चे ‘अनडिफाइन्ड’ हे मूल्य, सोबत जोडता येतो. मात्र तो स्वभावतः इशारा छापून पुढे जातो, म्हणून ‘एफनो सॅनिटाइझ रिकव्हर’ दिल्याशिवाय चाचणी नापास होत नाही.

एक्झिट कोडचा सापळा

चाचणी आहे, तपासनीसही आहे, आणि तरीही चूक हिरव्या खुणेने निघून जाते, असे बहुतेक वेळा एक्झिट कोडमुळे होते. ॲड्रेससॅनिटायझरला चूक सापडली की तो प्रोग्राम थांबवतो आणि १ हा एक्झिट कोड देतो. आता माझा प्रोग्राम सदोष यादी नाकारतानाही १ च देतो. सदोष यादी दिल्यावर १ यावा अशी माझी एक चाचणी होती. मेमरीची चूक होऊन प्रोग्राम मध्येच मारला गेला तरी १ च येत होता, आणि त्या चाचणीत मी आउटपुट ताडून पाहत नव्हतो, त्यामुळे ती इमाने इतबारे उत्तीर्ण होत राहिली. एसॅन ऑप्शन्स या पर्यावरण चलात ‘एक्झिटकोड’ला ९९ असे वेगळे मूल्य द्यावे.

व्हॅलग्रिंडचे वागणे याच्या उलट आहे: शंभर चुका सापडल्या तरी तो स्वभावतः मूळ प्रोग्रामचाच एक्झिट कोड पुढे करतो. ‘एरर एक्झिटकोड’ला ९९ दिल्याशिवाय स्क्रिप्टला काहीच कळत नाही. तुमचा प्रोग्राम एखाद्या शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: ‘ट्रेस चिल्ड्रेन’ चालू नसेल तर व्हॅलग्रिंड शेलची तपासणी करून समाधानी होतो आणि तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही.

पाइपलाही सांभाळावे. प्रोग्रामचे आउटपुट पाइपने थेट डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेला दिले तर शेल फक्त डिफचा एक्झिट कोड लक्षात ठेवते. मधली फाइल करावी, किंवा बॅशमध्ये पाइपफेल चालू करावे. एरर स्ट्रीम कचऱ्यात टाकण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण दोन्ही तपासनीस तिथेच बोलतात. त्यांचा अहवाल ‘लॉग पाथ’ आणि ‘लॉग फाइल’ या पर्यायांनी वेगळ्या फाइलमध्ये न्यावा, म्हणजे प्रोग्रामचे स्वतःचे संदेश निराळे तपासता येतात. अहवालातले पत्ते दर वेळी बदलतात, त्यामुळे अहवालाचा मजकूर शब्दशः ताडून पाहू नये. ९९ आला की नाही एवढे पुरे.

स्वतःच्या मेमरी-साठ्याची अडचण

सहा महिन्यांनी परतलेली चूक पहिल्यासारखी कोसळली नाही. नव्या कोडमध्ये मी मॅलॉककडून एकदाच मोठा साठा घेत होतो आणि त्यातून आठच्या पटीत तुकडे कापून रकान्यांना देत होतो. ‘चिकोडी’चे १८ बाइट्स वाढून २४ होत, त्यामुळे शून्याला जागा उरे. ‘चिक्कोडी’चे २४ तसेच राहत; तिचा शून्य पुढच्या तुकड्याच्या पहिल्या बाइटवर पडे आणि पुढचा रकाना उतरवला की पुसला जाई. छापील यादीत गाव आणि भाषा एकत्र होऊन ‘चिक्कोडीमराठी’ असे आले. ॲड्रेससॅनिटायझर यावर गप्प, कारण त्याच्या दृष्टीने तो सगळा साठा एकच कायदेशीर तुकडा होता. मेमचेकही गप्प.

स्वतःचा साठा वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला हे लागू आहे. यावर सोपा उपाय असा की चाचणीच्या बिल्डमध्ये एका मॅक्रोने साठा बंद करावा आणि प्रत्येक मागणी सरळ मॅलॉककडे पाठवावी. ॲड्रेससॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंड या दोघांकडेही साठ्यातील भाग निषिद्ध ठरवण्याचे मॅक्रो आहेत, पण ते नीट पेरण्याचे काम किचकट आहे आणि पेरताना झालेली चूक शोधायला पुन्हा कुणी नसते. मी पहिला मार्ग घेतला. साठा चालू असलेला बिल्डही अपेक्षित आउटपुटशी ताडून पाहतो, कारण छपाई शेवटी त्याच बिल्डने होते.

सीमाभागातील मजकूर हे उत्तम इनपुट

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात एकाच कागदावर दोन लिप्या येतात, एकाच गावाची दोनतीन लेखनरूपे असतात, आणि जुन्या छापखान्यांतून आलेल्या फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. चाचणी लिहिणाऱ्याला एरवी कल्पनेने बनवावे लागणारे इनपुट इथे रोजच्या कागदपत्रांत मिळते.

पहिली गोष्ट, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४ या बाइटने सुरू होते आणि त्यापुढे १६४ किंवा १६५ येतो. कन्नडमध्येही पहिला २२४ च, पुढे १७८ किंवा १७९. इंटेलच्या लिनक्स संगणकावर सी भाषेतील ‘कॅर’ चिन्हसहित असतो, त्यामुळे २२४ चा उणे ३२ होतो. तो तसाच २५६ घरांच्या तक्त्यात क्रमांक म्हणून वापरला की प्रोग्राम तक्त्याच्या आधीची मेमरी वाचतो. इंग्रजी मजकुरावर हे कधीच घडत नाही, आणि एआरएम लिनक्सवर ‘कॅर’ चिन्हरहित असल्यामुळे तिथे मराठीवरही घडत नाही. एका ओळीची मराठी फाइल आणि एका ओळीची कन्नड फाइल, दोन्ही इंटेलवर चालवलेल्या, एवढी चाचणी यासाठी पुरते.

दुसरी गोष्ट वाचनाच्या हद्दीची. फाइल ४०९६ बाइट्सच्या हप्त्यांनी वाचली जात असेल तर निव्वळ देवनागरी मजकुरात १३६५ चिन्हांचे ४०९५ बाइट्स होतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट पहिल्या हप्त्यात राहतो. २२४ दिसला म्हणून पुढचे दोन बाइट्स डोळे झाकून वाचणारे कोड इथे बफरच्या बाहेर जाते. म्हणून १३६६ चिन्हांची, मध्ये जागा किंवा नवी ओळ नसलेली फाइल चाचण्यांत असावी; तिच्याच जोडीला, शेवटचे चिन्ह दोन बाइट्सवर तोडलेली एक छोटी फाइलही असावी.

तिसरी, शून्य बाइटने सुरू होणारी ओळ. एफगेट्सने वाचलेल्या ओळीची लांबी स्ट्रलेनने मोजली तर ती शून्य येते, आणि शेवटचे नवी-ओळ चिन्ह काढण्यासाठी ‘लांबी उणे एक’ या घरात लिहिणारे कोड बफरच्या आधीच्या बाइटकडे हात घालते. खराब पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलमध्ये अशी ओळ मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

रिकामी फाइल, फक्त एक नवी ओळ, शेवटी नवी ओळ नसलेली फाइल आणि जुन्या फॉन्टमधील एक उतारा या चार फाइलही ठेवाव्यात. त्यांबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही.

लोकेलविषयी, म्हणजे यंत्रावर निवडलेल्या भाषा-लिपीच्या मांडणीविषयी, मात्र सावध राहावे. प्रोग्राम सेटलोकेल वापरून बहुबाइट अक्षरे वाचत असेल आणि चाचणीच्या यंत्रावर मराठीचा किंवा कन्नडचा लोकेल बसवलेला नसेल तर सेटलोकेल अपयशी ठरते, प्रोग्राम साध्या ‘सी’ लोकेलमध्ये राहतो, आणि १२७ च्या वरचा पहिला बाइट दिसताच नकाराच्या वाटेने बाहेर पडू शकतो. मग ज्या कोडची तपासणी करायची ते धावतच नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लोकेल ठरवणारे एलसी ऑल हे पर्यावरण चल स्पष्टपणे ठरवावे आणि तो लोकेल यंत्रावर नसेल तर चाचणी वगळू नये, नापास करावी.

चाचणी आधी नापास होताना पाहावी

नवी चाचणी लिहिल्यावर ती प्रथम जुन्या, सदोष कोडवर चालवावी. गिटच्या ‘वर्कट्री’ आज्ञेने जुनी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये उघडता येते, त्यामुळे चालू कामाला धक्का लागत नाही. तिथे ९९ आला नाही तर चाचणी निरुपयोगी आहे: इनपुट लहान करताना चूक निसटली असेल, पर्याय चुकला असेल किंवा तपासनीस लागलाच नसेल. ‘चिक्कोडी’ची माझी पहिली चाचणी जुन्या कोडवर सहज उत्तीर्ण झाली, कारण मेकफाइलमध्ये सॅनिटायझरचा पर्याय कंपाइलला दिला होता आणि स्क्रिप्ट मात्र आधीचाच साधा बिल्ड उचलत होती; आणि त्या एका ओळीच्या यादीत साधा बिल्ड कोसळण्याची वेळ येण्याआधीच काम संपवत होता.

चूक केव्हा शिरली हे शोधायचे असेल तर हीच चाचणी ‘गिट बायसेक्ट रन’ला, म्हणजे आवृत्त्या निम्म्या निम्म्या करत चूक शोधणाऱ्या आज्ञेला, द्यावी. तिथे ० म्हणजे चांगले, १२५ म्हणजे ही आवृत्ती तपासता येत नाही, आणि १ ते १२७ मधले बाकीचे सर्व म्हणजे वाईट. १२७ च्या वर गेले की शोध तिथेच थांबतो. साधा प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने मेला तर शेल १३९ सांगते, म्हणून स्क्रिप्टने तो आकडा स्वतः १ मध्ये बदलून द्यावा, आणि जुनी आवृत्ती कंपाइलच झाली नाही तर १२५ द्यावा.

वेळेचा हिशेब

ॲड्रेससॅनिटायझरमुळे प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो, मेमचेकखाली वीस ते तीस पट. साध्या बिल्डवर चार सेकंदांत संपणाऱ्या चाचण्या पहिल्याखाली आठदहा सेकंदांत आणि दुसऱ्याखाली दोन मिनिटांच्या आसपास होतात. म्हणून मी पहिला संच प्रत्येक कमिटपूर्वी चालवतो आणि दुसरा दिवसाचे काम संपल्यावर. बेळगावच्या टिळकवाडीत हे निभते; खानापूरकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे तिथे बसून काम करताना स्क्रिप्टने प्रत्येक फोल्डरीचा निकाल लगेच फाइलमध्ये लिहावा, सगळे संपेपर्यंत थांबू नये, अशी सोय करून ठेवली आहे.

गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न देणे, हा प्रश्न मी या संचात मुद्दाम सौम्य ठेवतो. यादी छापून संपणाऱ्या प्रोग्रामने जाताजाता प्रत्येक तुकडा परत करण्यात काही मिळवण्यासारखे नाही. ज्यांच्याकडे अजून पॉइंटर आहे असे तुकडे लीकसॅनिटायझर हा गळती शोधणारा तपासनीस चूक म्हणून सांगत नाही आणि व्हॅलग्रिंडही त्यांना एरवी चुकांत मोजत नाही. पण प्रत्येक ओळीमागे एक तुकडा कायमचा हरवत असेल तर वाचनालयाच्या मोठ्या यादीवर ते जाणवते, म्हणून व्हॅलग्रिंडच्या ‘लीक चेक’ला ‘फुल’ देऊन निश्चित हरवलेल्या तुकड्यांवर चाचणी नापास करावी. एखादी तक्रार बाहेरच्या लायब्ररीची असेल आणि ती दाबण्यासाठी सप्रेशन फाइलमध्ये नोंद करावी लागली, तर त्या नोंदीवर तारीख आणि कारण लिहावे, आणि नोंद नेमक्या फंक्शनच्या नावानेच करावी. सरसकट चांदणी टाकून केलेल्या नोंदीखाली उद्याची ‘चिक्कोडी’ही दबून जाईल.